घोंगडी कुणाच्या बाजूची

सलगर सरांचा तास संपला की पोरं वर्गात शिरताना होती त्यापेक्षा जास्त गोंधळून बाहेर पडायची. यात मी पदरचं काही घालत नाही. बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडच्या आमच्या मराठी शाळेत त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. अलीकडे मी मराठी शिकवायची, पलीकडे ते विज्ञान. माझ्या कविता त्यांच्या पोरांना फुकटात पाठ झाल्या आणि त्यांचे सवाल माझ्या डोक्यात येऊन बसले. इतकी वर्षं झाली, उठायचं नाव नाही. अजूनही सकाळी चहा बशीत ओतला की मी थबकते. बशीत तो लवकर निवतो, हे ठीक. पण कामून?

हा ‘का’च्या जागचा ‘कामून’ त्यांचा. मायाप्पा सलगर म्हणजे उंच, काळासावळा, हाडापेराचा माणूस. वडील मेंढरं राखायचे. घराण्यात शिकलेले हे पहिलेच, तेही निजामाच्या काळात हैदराबादला, उर्दूतून. मग राज्य बदललं, मैसूर आलं, सरकारी कागद कन्नडमध्ये यायला लागले आणि शिकवायचं मात्र मराठीतून. त्यामुळे फळ्यावर ते ‘उष्णता’ लिहायचे, तोंडानं ‘हरारत’ म्हणायचे आणि अधिकारी आले की ‘शाख’ म्हणायचे. पोरं भांबावली की समजूत घालायचे, “हरारत म्हणा, शाख म्हणा, उष्णता म्हणा. भाजायचं ते भाजतंयच की.”

खांद्यावर बाराही महिने काळी घोंगडी. उन्हाळ्यातसुद्धा. हेडमास्तरांनी एकदा सुचवून पाहिलं की शिक्षकाला हे शोभत नाही. सरांनी विचारलं, “कामून शोभत न्हाई?” हेडमास्तरांना कारण सांगता येईना, आणि घोंगडी राहिली.

त्यांची शिकवायची रीत अशी. हिवाळ्यात सकाळी वर्गात आले की आधी पोरांना हात लावायला सांगायचे, खिडकीच्या गजाला आणि मग बाकाला. “हे लोखंड आन हे लाकूड. दोघं रातभर एकाच खोलीत झोपले. मग लोखंड गार लागतंय आन लाकूड न्हाई, हे कामून?” एखादं हुशार पोर उठून पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणायचं. सर मान डोलवायचे. “हे पुस्तकाचं झालं. आता तुझं सांग.” पोराचं स्वतःचं काही नसायचं. मग सर म्हणायचे, “मला बी पुरतं कळलं न्हाई. बघू.”

बघू! मी तट्ट्याच्या अलीकडे कपाळावर हात मारून घ्यायची. मला उत्तराची ओढ. व्याकरण असो की भाजीचा भाव, एकदा ठरलं की ठरलं. आणि इथे एक पगारी शिक्षक भर वर्गात ‘मला कळलं नाही’ म्हणतो, तेही आनंदानं.

त्यांच्या या आनंदापायी एकदा मारामारी व्हायची वेळ आली होती. आम्ही चार शिक्षक हुमनाबादहून बसनं परत येत होतो. बाजारातून घेतलेली लिंबं सरांच्या पिशवीत होती. बसनं वेग घेतला तसं सरांनी एक लिंबू वर उडवलं. ते बरोब्बर त्यांच्याच हातात पडलं. शेजारी एक पागोटंवाले अप्पा बसले होते. सरांनी त्यांना गाठलं.

“अप्पा, बस पळायलीय का न्हाई?”

“व्हय की.”

“लिंबू वर गेलं तवर बस फुडं गेली का न्हाई?”

“गेली की.”

“मग लिंबू मागच्या बाकावर पडायला पायजे. माझ्याच हातात कामून पडतंय?”

अप्पा विचारात पडले. सरांनी पुन्हा उडवलं, आणि नेमक्या त्याच क्षणी म्हशी आडव्या आल्या म्हणून ड्रायव्हरनं ब्रेक मारला. लिंबू पुढे गेलं ते थेट पुढच्या बाकावरच्या एका बाईच्या ओटीत. नवी लेकुरवाळी बाई, मांडीवर तान्हं. ओटीत लिंबू बघताच तिनं जी किंकाळी फोडली, तिनं बस थांबली. आमच्याकडे लिंबू लोणच्याचं असतं आणि करणीचंही असतं, आणि न सांगता ओटीत येऊन पडलेलं दुसऱ्याच जातीचं, हे कुणालाही सांगावं लागत नाही. बाईचा भाऊ सरांच्या गळपटीला झोंबला. सर मात्र भलत्याच खुशीत होते. “अहो, लिंबू त्याच्या वाटंनं चाललं व्हतं! बस थांबली, त्याला कुणी थांब म्हणलं न्हाई!” हे ऐकून भावाचा संशय पक्का झाला.

मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही भाषांतून सरांचा उद्धार झाला. शेवटी त्या पागोटंवाल्या अप्पांनी तोडगा काढला. लिंबू कापायचं, पाण्यात पिळायचं आणि ज्यानं टाकलं त्यानंच सगळ्यांदेखत प्यायचं. करणी असेल तर त्याची त्याला. सर घटाघटा प्यायले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “साखर पायजे व्हती.” बस हसली. ती बाईसुद्धा हसली. उतरताना अप्पा सरांना म्हणाले, “मास्तर, पर ब्रेक मारायच्या आधी हातात कामून पडत व्हतं, ते ऱ्हायलंच.” सर म्हणाले, “बघू.”

असे सवाल त्यांच्याकडे पोत्यानं होते. पण एक सवाल वेगळा. बाकीचे त्यांनी पोरांसाठी घातले, हा स्वतःसाठी. तो घोंगडीचा.

दरवर्षी शिमग्याच्या सुमारास, ऊन तापायला लागलं की ते बिदरला जाऊन बर्फाची लादी आणायचे. घोंगडीत गुंडाळून, बसनं. कंडक्टर दरवर्षी ओरडायचा, “मास्तर, घोंगडीत बर्फ? गरम होऊन पाणी होईल की!” साऱ्या बसचं तेच मत. घोंगडी गरम असते, हे शेंबडं पोरही जाणतं. सर हळ्ळीखेडला उतरून घोंगडी उघडायचे आणि लादी बऱ्यापैकी शाबूत निघायची.

मग वर्गात दोन ताटल्या. एकीत बर्फ उघडा, दुसरीत घोंगडीनं झाकलेला. तास संपेपर्यंत उघड्याचं पाणी व्हायचं, झाकलेला तग धरायचा. दुसऱ्या दिवशी तसंच कढत पाण्याचं. दोन तांबे, एक उघडा, एक घोंगडीत. घोंगडीतलं पाणी उशिरापर्यंत कढत राहायचं. पोरं तोंडाचा आ करून बघायची. सर घोंगडी झटकून खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, “म्हंजे घोंगडी गरम बी न्हाई, गार बी न्हाई. ती कुणाच्याच बाजूची न्हाई. जे हाय ते धरून बसती.”

इथवर मलासुद्धा कळायचं. मी तट्ट्याच्या फटीतून बघायची, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पण सर इथे थांबायचे नाहीत. आवाज खाली यायचा.

“आता तिसरा सवाल. एका मानसाचं अंग तापलंय. तव्यावानी. आन त्यो म्हणतोय, मला थंडी वाजायलीय. घोंगडी घालायची का काढायची?”

अर्धा वर्ग ‘घाला’ म्हणायचा, अर्धा ‘काढा’. सर प्रत्येकाला उभं करून ऐकायचे. घाला म्हणणाऱ्याला कामून, काढा म्हणणाऱ्याला कामून. घंटा व्हायची. “बघू,” म्हणून ते निघून जायचे, आणि त्या दिवशी ते ‘बघू’ आनंदाचं नसायचं.

एका वर्षी मला राहवलं नाही. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, “सर, परीक्षा तोंडावर आलीय. पुस्तकात उत्तर आहे ना? देऊन टाका की एकदाचं. पोरांना कशाला टांगून ठेवता?” ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कन्नड वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. मग घोंगडी सावरली आणि गेले.

संध्याकाळी त्यांच्या बायको, सुंदराबाई, माझ्याकडे आल्या. ताक द्यायचं निमित्त होतं. तांब्या ठेवला आणि उंबऱ्यावर बसल्या.

“बाई, ह्यांना त्या घोंगडीवरनं काही बोलू नका.”

मी म्हटलं, “अहो, मी सहज म्हटलं.”

“आमची शेवंता व्हती. शाळेत घालायची व्हती त्या साली. वाडीवर व्हताव आम्ही, सुट्टीचं. हिवताप आला. अंग नुसतं पेटलेलं, आन पोरगी ह्यांना म्हणायली, अप्पा, थंडी वाजायलीय. आत्याबाईनी, म्हंजे माझ्या सासूनी, घोंगडी घातली. ह्यांनी काढली. म्हणले, आई, आतली गरमी भाईर जाऊ दे, घोंगडी कोंडून धरती तिला, पुस्तकात हाय. आत्याबाईनी पुन्हा घातली. ह्यांनी पुन्हा काढली. सडकंवर बसची वाट बघत बसलाव दुपारभर, तिथं बी तेच. घाल, काढ, घाल, काढ. पोरगी म्हणायली, अप्पा दे की, अप्पा दे की. बस आली तवा ती गेली व्हती.”

ताकाच्या तांब्यावर माशी बसली होती. ती त्यांनी उडवली.

“आत्याबाई मरस्तोवर म्हणल्या, थंडीनं मारलास लेकराला.  आन हे तवापासून दर साली बर्फ आणायलेत.”

त्यानंतर दरवर्षी तिसऱ्या सवालाची वेळ आली की मी माझ्या वर्गाला मुकाट्यानं लिहायला लावायची. तट्ट्यापलीकडे पोरं हिरिरीनं ‘काढा काढा’ म्हणून ओरडायची. त्यांना काय माहीत, ते कुणाला काय सांगतायत. सर मात्र ‘काढा’वाल्यांचं जरा जास्त वेळ ऐकून घ्यायचे. कुणीतरी पटेल असं कारण देईल, म्हणून असेल. माझा गोंधळ वेगळाच होता. बर्फावर सिद्ध झालं, पाण्यावर सिद्ध झालं, मग माणसावर का होत नाही? एकदा मी त्यांना हे विचारलं, घाबरत घाबरत. ते म्हणाले, “पोरगी बर्फ न्हवती बाई. पाणी बी न्हवती.” त्यांनी माझ्यासमोर तिचा विषय काढला तो तेवढाच.

शाळेत वीज आली त्या वर्षाची गोष्ट सांगते, नाहीतर सर रडवे होते असं वाटायचं. तसे ते मुळीच नव्हते. खांब रोवले, तारा ओढल्या आणि दुसऱ्याच दिवशी तारेवर कावळे. सरांनी लाईनमन बसप्पाला शिडीवरून खाली उतरवलं. “बसप्पा, मानूस तारेला शिवला की मरतंय. कावळा मरंना गेलाय. कामून?” बसप्पानं वर बघितलं, तंबाखू थुंकली आणि कन्नडमध्ये म्हणाला, “अदक्क गोत्तिल्ल, सार.” म्हणजे, त्याला ठाऊकच नाही, सर. ठाऊक नाही म्हणून मरत नाही! सर इतके खूश झाले की बसप्पाला वर्गात नेऊन पोरांपुढे हे पुन्हा वदवून घेतलं. मग पुस्तकातलंही सांगितलं, की दोन्ही पाय एकाच तारेवर, विजेला त्याच्या अंगातून जायला वाट नाही, वगैरे. पण पोरांच्या मनात घर केलं ते बसप्पानं.

पुढे तपासणीला साहेब आले आणि नशिबाची थट्टा अशी की त्यांनी तोच प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरची पोरगी ताडकन उठून म्हणाली, “त्याला ठाऊक नाही, साहेब.” साहेबांना वाटलं, ही दुसऱ्या पोराबद्दल सांगतेय. त्यांनी दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “त्याला ठाऊक नाही.” तिसराही तेच म्हणाला. साहेब सरांकडे वळले, “अहो, या वर्गात कुणालाच काही ठाऊक नाही का?” सर हात जोडून म्हणाले, “साहेब, मला बी पुरतं ठाऊक न्हाई. पण पोरं जिती हाईत.” हेडमास्तरांना पुढे दोन दिवस पित्त उठलं होतं.

वर्षं गेली. राज्याचं नाव कर्नाटक झालं, आमचे केस पांढरे झाले, तट्ट्याच्या जागी विटांची भिंत आली आणि मला सरांचा आवाज पुसट ऐकू यायला लागला. अशात एकदा शिवराज भेटायला आला. सरांचा जुना विद्यार्थी, गुलबर्ग्याला डॉक्टरकी शिकलेला. शिक्षकांच्या खोलीत येऊन तो सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि चहा यायच्या आत विचारलं, “शिवराज, तिसरा सवाल आठवतोय का रे?”

तो हसला. “आठवतो की सर. उत्तर सोपं आहे. थंडी वाजते तेव्हा पांघरूण द्यायचं. घाम फुटला की काढायचं.”

“आन थंडी वाजत असताना काढलं तर? मरतंय का मानूस?”

“नाही सर. तेवढ्यानं नाही मरत.”

“घातलं असतं तर जगलं असतं?”

शिवराज माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. डॉक्टरच तो, त्याला समजलं असावं. तो सावकाश म्हणाला, “तेवढ्यानं जगलं पण नसतं, सर. हिवताप डोक्यात चढला की घोंगडी घाला न्हाईतर काढा, सारखंच. औषध वेळेवर पायजे. घोंगडीचा काही संबंधच नाही.”

मला वाटलं, सुटले सर. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तो माणूस रस्ता चुकल्यासारखा बसलेला. टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावायचे, मग वरच्या फळीला, मग पुन्हा पायाला. शिवराज गेल्यावर ते म्हणाले, “संबंधच न्हाई म्हणतोय बाई. मग इतकी सालं मी कोणचा सवाल सोडवायलो व्हतो?”

मी म्हटलं, “सर, तुमच्या हातून काही झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

“व्हय,” ते म्हणाले. टेबलावरचा हात काढून घेत पुन्हा म्हणाले, “पण ती मागायली व्हती की. मराय-जगायचं ऱ्हाऊ द्या. लेकराला थंडी वाजायली व्हती आन ती मागायली व्हती.”

 माझ्याकडे व्याकरण होतं, म्हणी होत्या, इतक्या कविता होत्या. एकही ओळ उपयोगाची निघाली नाही. मी त्यांच्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलून मोरीत ओतला आणि दुसरा करायला सांगितलं.

त्या शिमग्यालाही सरांनी बर्फ आणला. दोन ताटल्या झाल्या, दोन तांबे झाले. पोरं तिसऱ्या सवालाची वाट बघत बसली, कारण मोठ्या भावंडांकडून त्यांनी तो ऐकलेला होता. सरांनी घोंगडी झटकली आणि म्हणाले, “तिसरा सवाल न्हाई. तो मलाच नीट मांडता आला न्हवता.” उरलेला बर्फ त्यांनी पोरांना खायला दिला. तो त्यांचा शाळेतला शेवटचा शिमगा.

पुढे मीही निवृत्त झाले आणि उदगीरला लेकाकडे राहायला निघाले. सामान आधीच टेंपोनं गेलं होतं. बसस्टँडवर, कडुलिंबाच्या सावलीत, सर बसलेले दिसले. मांडीवर नात, लेकाची पोरगी. चार-पाच वर्षांची असेल. तिला ताप होता. गावातल्या दवाखान्यात गोळ्या दिल्या होत्या, काळजीचं नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तरी एकदा बिदरला दाखवून आणतो म्हणून सर निघाले होते. बसला अवकाश होता. मी शेजारी टेकले.

पोरगी म्हणाली, “अज्जा, थंडी वाजायलीय.”

सरांनी खांद्यावरची घोंगडी काढून तिच्याभोवती लपेटली, पार हनुवटीपर्यंत. भर उन्हाळ्याचं ऊन. येणारी-जाणारी माणसं बघून जात होती. एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, लेकरू शिजंल की!” सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

जरा वेळानं पोरगी म्हणाली, “गरम व्हायलंय. काढ.”

त्यांनी काढली.

“अज्जा, दे.”

त्यांनी दिली. ना कपाळाला हात लावून बघितला, ना ‘कामून’ विचारलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. माझी बस आली. उठताना मला राहवलं नाही. “सर, मग घोंगडीचं काय ठरलं शेवटी?”

त्यांनी वर बघितलं. घोंगडीचं एक टोक त्यांच्या मुठीत होतं. “मला कुटं काय कळतंय बाई,” ते म्हणाले. “हिला इचारा. ही म्हणंल तसं.”

मी खिडकीची जागा धरली. हात हलवायला म्हणून बाहेर बघितलं, तर त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते, ती आता काय म्हणते म्हणून, एखाद्या कच्च्या विद्यार्थ्यानं मास्तरांकडे बघावं तसे. पोरीचे ओठ हलले. बस सुटली, धुरळा उडाला, आणि तो खाली बसेपर्यंत मला काही दिसलं नाही. वळणावर दिसलं तेव्हा घोंगडी पुन्हा तिच्या अंगावर होती.